फोटोत नुसती पानं आहेत, बुडखा कुठाय?

काकू नमस्कार, आम्ही साताऱ्यात शाहूनगरला नवीन घर बांधलं. पुढं छोटी बाग करायची म्हणून मे महिन्यात एक टेम्पो तांबडी माती आणि गावाकडनं ट्रॉलीभर शेणखत आणून टाकलं. टोमॅटो, मिरची, मेथी आणि गवती चहा लावला. पाऊस सुरू झाला आणि आम्ही लावलं त्यापेक्षा गवतच जास्त उगवलंय. एक गडद हिरवं चकचकीत आहे, रविवारी उपटलं की बुधवारी परत हजर. एक पेव्हरच्या फटीतनं सरपटत वाफ्यात शिरलंय, सासूबाई म्हणतात ती दूर्वा आहे, हात लावू नको. वाटेवर एक चपटं गवत आहे, ओढून हाताला वळ उठले पण ते निघत नाही. चिमण्यांना दाणे ठेवतो तिथं मक्यासारखं काहीतरी गुडघ्याएवढं झालंय. आणि कंपाउंडच्या कडेला गाजराच्या पानाचं काहीतरी. ॲपवर फोटो टाकला तर सकाळी एक नाव, संध्याकाळी दुसरंच, म्हणून सगळे फोटो तुम्हाला पाठवतेय. मिस्टर म्हणतात उसाचं तणनाशक शिल्लक आहे, एकदाच मारून टाकू. सासूबाई म्हणतात त्यातला केना भाजीला ठेव. मला यातलं एकही ओळखता येत नाही. काय ठेवू, काय काढू?
— शाहूनगरची नवी माळीण

अगं माळीणबाई, सगळ्यात आधी जावईबापूंना सांग की ती उसाची बाटली आहे तशी गावाकडं परत नेऊन ठेवा, गवताची ओळख नंतर करू. उसात मारतात त्यातलं टू-फोर-डी सारखं औषध हे रुंद पानाच्या तणासाठी असतं, कारण ऊस स्वतःच एक गवत आहे, त्याला धक्का न लागता बाकीचं मेलं पाहिजे असा तो हिशोब. आता तुझ्या बागेत रुंद पानाचं काय आहे ते बघ. टोमॅटो, मिरची, मेथी. ती जातील आणि ज्याच्यासाठी एवढं केलं ते गवत जागच्या जागी डुलत राहील. इकडं आमच्या सांगलीत तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराला विचार, शेजारच्या उसात कुणी टू-फोर-डी मारायला लागलं आणि वारं बागेकडं असलं की त्याच्या पोटात गोळा येतो, नुसत्या वाऱ्यावर आलेल्या औषधानं वेलीची पानं आकसून वेडीवाकडी होतात. टोमॅटो त्याच नाजूक जातीचा. बरं बाटली ग्लायफोसेटची निघाली तर ते हिरवं दिसेल ते सगळं मारतं, गवती चहासकट. ॲट्राझीन निघालं तर ते मातीत महिनोन्‌महिने बसून राहतं, पुढची मेथी उगवायचीच नाही. आणि शिल्लक बाटलीचं लेबल अर्धं फाटलेलं असतंय हे मी सांगायला नको. चार वाफ्यांची बाग आहे, खुरप्यानं होतंय.

आता फोटोंचं. फोटो छान आलेत, उजेड चांगला आहे, पण सगळेच्या सगळे वरनं उभं राहून काढलेत. गवताचं वरनं काढलेलं पान बघून मलाही काही सांगता येत नाही आणि ॲपलाही येत नाही, म्हणून ते सकाळी एक बोलतं संध्याकाळी दुसरं. ॲपला फूल दाखवलं तर ते बऱ्यापैकी बरोबर नाव काढतं, पण गवताचं फूल म्हणजे तो तुरा, आणि तुरा यायच्या आधी ही सगळी मंडळी लांब अरुंद हिरवी पट्टी एवढीच असतात. कॉलेजातले बॉटनीचे सर सुद्धा आधी तुरा मागतात. पण तुला कुठं शास्त्रीय नाव लिहून पाटी लावायचीय? तुला ठरवायचंय काढायचं काय आणि कसं, आणि ते ठरतं जमिनीखाली काय आहे त्यावर. हे गाठीवरनं उगवतंय, सरपटणाऱ्या खोडावरनं येतंय, का साध्या बीवरनं आलंय, एवढं कळलं की नाव आज कळो नाहीतर गणपतीत कळो, फरक पडत नाही.

तेव्हा असं कर. पाऊस जरा उघडला की माती ओली असतानाच प्रत्येकातलं एकेक झाड खुरपं खोल घालून मातीच्या ढेकळासकट उचल, बादलीत हलकं धुऊन पेपरवर मांड. ओढू नको, ओढलं की नेमकं तिथंच तुटतं जिथं बघायचं असतं. मग बुडख्यापासनं सुरू कर. देठ चिमटीत धरून फिरवून बघ. बोटाला तीन कडा लागल्या तर ते गवत नव्हेच, ते लव्हाळ्याच्या घराण्यातलं. गोल किंवा चपटं लागलं आणि देठावर मधे मधे पेरं दिसली, जशी उसाला असतात तशी, तर ते खरं गवत. खऱ्या गवताची पानं देठावर समोरासमोरच्या दोनच ओळींत निघतात, लव्हाळ्याची तीन दिशांना. आणि एक बारीक खूण आहे, पान देठाला गुंडाळलेलं असतं आणि जिथनं ते बाजूला वळतं तिथं आतल्या अंगाला एक पातळ पापुद्रा किंवा केसांची झालर असते, पुस्तकात तिला जिव्हिका म्हणतात. ही खूण भारी कामाची. पाटण-जावळीकडं भाताच्या खाचरात सावा जातीचं तण शिरतं, लहान असताना ते भातापासनं वेगळं काढणं अवघड, पण भाताच्या पानाला ही जीभ चांगली लांब असते आणि त्या तणाला ती नसतेच, तिथं नुसतं गुळगुळीत.

तुझं पहिलं, ते रविवार-बुधवारवालं, मी न बघता सांगते लव्हाळा आहे, पण तू तीन कडा लागतात का बघून घे. चकचकीत गडद पान, तुरा आला तर तांबूस तपकिरी. खणलंस तर खाली काळपट बारीक तारा निघतील आणि त्या तारांवर माळेत ओवल्यासारख्या गाठी, एक, मग दोन बोटांवर दुसरी, मग तिसरी. एक गाठ नखानं सोलून वास घे. दिवाळीच्या उटण्याचा वास आला की संपलं, शंकाच नको, उटण्यात नागरमोथा घालतात तो याच कुळातला. तू रविवारी उपटतेस तेव्हा हातात येतं ते पान, गाठ खालीच. आणि नुसती गाठ राहते एवढंच नाही गं, त्या माळेत टोकाची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवत असते, त्या झोपून असतात, आणि तू ओढून माळ तोडलीस की प्रत्येक गाठीला मोकळीक मिळते, एकाचे तीन येतात. कुदळीनं किंवा त्या छोट्या टिलर मशीननं फिरवलं तर मग विचारायलाच नको. तणांचा अभ्यास करणारे लोक लव्हाळ्याला जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांत पहिला नंबर देतात, तेव्हा तू एकटी हरतेस असं समजू नको.

काढायचं असं की खुरपं झाडाच्या बाजूला वीतभर खोल घालायचं, बहुतेक गाठी तेवढ्यातच असतात, आणि माती सैल करून अख्खी माळ हळू वर घ्यायची, गाठ दिसेल ती बुट्टीत. एकदा भांगलून होत नाही हे आधीच मनाशी धर. जी राहतील ती परत फुटतील, त्यांना चार-पाच पानं आली की लगेच परत काढायची, कारण तोवर ते गाठीतली शिदोरी खाऊन वर आलेलं असतं आणि नवीन गाठी धरायला त्याला वेळ मिळालेला नसतो. मोठं होऊ दिलं की मागच्या सगळ्या कष्टावर पाणी. प्लॅस्टिकचा कागद अंथरू नको, लव्हाळ्याचं टोक त्याला भोक पाडून वर येतं, लोक बघून थक्क होतात. त्याला खरी मारते ती सावली. वाफा रिकामा ठेवू नको, चवळी टाक, काकडी-दोडक्याचा वेल जमिनीवर सोड, रताळं लाव, पानांनी माती झाकली की लव्हाळा पिवळा पडत जातो. आणि काढलेल्या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात नाही टाकायच्या, पावसाळ्यात त्या पत्र्यावर पसरून पूर्ण वाळवायच्या आणि मग कचऱ्यात. एप्रिल-मेत वाफा खणून गाठी चटचटीत उन्हात उघड्या पाडल्यास तर निम्मं काम ऊनच करतं.

(तुझी माती तांबडी आहे म्हणून एका गोष्टीतनं वाचलीस. आमच्याकडं कृष्णाकाठची काळी माती कुणी बागेत भरली की त्यातनं कुंदा येतो, त्याची मुळं फूट-दोन फूट खाली जातात, त्याला खुरपं नव्हे टिकाव लागतो. सांगलीकर वाचकांनी लव्हाळा सोपा समजावा.)

दुसरं, सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे, ती दूर्वाच, म्हणजे आपली हरळी. दोन्ही एकच. पेराला मूळ धरत धरत सरपटतंय, पान बारीक, पान वळतं तिथं पांढरे केस, आणि तुरा आला तर एका टोकाला चार-पाच बोटं पसरलेली. त्यामुळं देवाला वाहायला चालते यात वाद नाही, पण टोमॅटोच्या वाफ्यात चालते का, तर नाही. जमिनीच्या वरनं पळते आणि खालनं पण पांढरट कोंब काढत जाते, पेव्हरखालनं गेलेली ती कधी मिरचीच्या मुळात निघेल सांगता येत नाही. यात सासू-सुनेचं भांडण व्हायचं कारण नाही. चांगल्या दोन-तीन कांड्या घेऊन एका रुंद कुंडीत लाव, कुंडी उन्हात फरशीवर ठेव, मातीवर नको नाहीतर भोकातनं खाली उतरते, आणि सासूबाईंना सांग ही तुमची. गणपतीला एकवीसच्या कितीतरी जुड्या निघतील, आणि रस्त्याकडेची, कुत्र्यांनी काय काय केलेली दूर्वा आणायची वेळ येणार नाही. वाफ्यातली मात्र पेरापेरानं माग काढत सगळी उचल, तुटलेलं पेर मातीत राहिलं की तेवढ्यावर परत सुरू.

वाटेवरचं चपटं, हाताला वळ उठवणारं. त्याचा बुडखा बघ, चपटा आणि पांढरा रुपेरी असेल, आणि सगळे फुटवे जमिनीला चक्रासारखे टेकलेले. तुरा आला की नाचणीच्या कणसाची हाडकुळी बहीण वाटेल, आणि ती नात्यानं आहेच, आपल्या नाचणीच्या पूर्वजांपैकी एक हे गवत आहे. पायाखाली तुडवलेली घट्ट जमीन त्याला आवडते, म्हणून वाटेवर जास्त येतं. एवढं चिवट असून हे सगळ्यात गरीब गडी आहे, खाली गाठ नाही, सरपटणारं खोड नाही, नुसतं बीवरनं येतं. जोराच्या पावसानंतर खुरप्याचं टोक बुडख्याखाली घालून उचकटलं की खेळ खल्लास, फक्त तुरा पिकायच्या आधी. एकदा बी पडलं की पुढची बरीच वर्षं ते वाटेवर भेटत राहणार.

चिमण्यांच्या दाण्याखालचं तू ओळखायला हवं होतंस गं! काय ठेवतेस दाणे म्हणून? बाजरी असणार, नाहीतर ज्वारी. एक रोप मुळासकट अलगद काढ, लहान रोपाला मुळापाशी जुन्या दाण्याचं टरफल लोंबत असतं, ते बघितलं की ओळख पटलीच, ही खूण कुठल्याही उगवलेल्या दाण्याला चालते. ठेवायचं असेल तर खुशाल ठेव, कणीस आलं की चिमण्याच खातील, मला तर ते फार आवडेल. फक्त ज्वारीचं असेल तर कोवळं ताट उपटून शेजारच्या शेळीला टाकू नको, कोवळ्या ज्वारीत विष असतं, जनावराला किराळ लागते म्हणतात ना तेच, आणि जनावर बघता बघता जातं. जत-आटपाडीकडं हे लहान पोरालाही माहीत असतं पण शहरात येऊन आपण विसरतो.

पाचवं गाजर गवत, आणि हे नावाला गवत, बाकी त्याचा गवताशी काडीचा संबंध नाही, ते सूर्यफूल-झेंडूच्या कुळातलं. यात मात्र उशीर करू नको. आत्ता ते जमिनीला चिकटून पानं पसरून बसलं असेल, मग मधनं दांडा वर जाईल आणि पांढरी बारीक फुलं येतील, ती फुलं यायच्या आधीच काढायचं. एका झाडाला हजारोंनी बी धरतं. हातमोजे घाल, नसतील तर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताला बांध, बाह्या लांब, कारण बऱ्याच लोकांना त्यानं अंगाला खाज सुटते, पुरळ येतं, काहींना दम्यासारखं होतं, आणि आज झालं नाही म्हणून उद्या होणार नाही असं नसतं. लहान पोरांना या कामाला लावायचं नाही. 1950 च्या दशकात हे पहिल्यांदा पुण्याकडं लोकांच्या नजरेत आलं, बाहेरनं आलेल्या धान्याबरोबर आलं म्हणतात, आणि आता कंपाउंडची कडा दिसली की हजर. त्याच्यावर कधी पांढुरक्या पाठीवर काळपट रेघांचे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नको, ते मेक्सिकन भुंगेरे, 1984 मध्ये मुद्दाम या गवतासाठीच भारतात सोडलेले, पावसाळ्यात पानं खाऊन अख्खी झाडं उघडी करतात. तुझ्या भिंतीकडेचं तू उपट आणि भुंगेरे शेजारच्या रिकाम्या प्लॉटातल्या गाजर गवतावर झटकून ये, तिथं त्यांना भरपूर काम आहे.

राहिला केना. दुसऱ्या फोटोत मिरचीच्या मागं कोपऱ्यात मला जे दिसतंय ते तोच असावा, जाडसर अंड्याच्या आकाराचं पान, रसाळ देठ, आणि सकाळी निळं छोटं फूल येतं ते एका दुमडलेल्या हिरव्या पानातनं डोकावतं. कोवळ्या शेंड्यांची भाजी किंवा भजी होतात, सासूबाई म्हणतात ते खरं. पण ठेवायचा तर एका कोपऱ्यात आवरून ठेव, त्याचा तुकडा पडला तिथं मूळ धरतो आणि तो जमिनीच्या आत सुद्धा फुलं काढून बी धरतो, बघून विश्वास बसत नाही. खाण्याच्या बाबतीत मात्र एक नियम पाळ, ॲपनं नाव सांगितलं म्हणून पातेल्यात काही जायचं नाही, ज्या बाईनं ती भाजी आयुष्यभर खुडलीय तिनं हातात घेऊन हो म्हटलं पाहिजे, आणि ती तुझ्या घरातच आहे. पुढं घोळीची भाजी उगवली तर तिच्यासारखंच जमिनीला चिकटलेलं दुधी नावाचं तण पण येतं, देठ मोडून बघायचं, पांढरा चीक आला की ती घोळ नव्हे.

मेथीच्या वाफ्यात काय उपटू हे तू विचारलं नाहीस पण अडणार तिथंच. मेथीला आधी दोन जाडसर लांबट गोल पानं आणि पुढं तीन-तीनची पानं, गवताचं एकच सुईसारखं टोक वर येतं. पुढच्या वेळी फेकून पेरू नको, दोरी धरून ओळीत पेर, ओळीच्या बाहेर उगवलं ते परकं, ओळखायची कटकटच नको.

हे सगळं आलं कुठनं, तर टेम्पोतनं आणि ट्रॉलीतनं. गाठी मातीबरोबर आल्या आणि बी शेणखतातनं, जनावराच्या पोटातनं जाऊन सुद्धा कितीतरी बी जिवंत राहतं. खत नीट कुजताना ढीग आतनं हात लावता येणार नाही इतका तापतो, 55-60 अंशांपर्यंत, त्यात बरंचसं बी मरतं, पण उकिरड्यावरनं थेट उचललेलं अर्धकच्चं खत म्हणजे बियाणंच. पुढच्या वर्षी ढीग झाकून, दोन-तीनदा वरखाली करून, काळं भुसभुशीत झाल्यावरच वापर. आणि हो, मोबाइलवर मीठ-व्हिनेगर ओतायचे व्हिडिओ येतात ते करू नको बाई. मीठ कुठं जात नाही, मातीतच राहतं. वाळवा-मिरजेकडं उसाला पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्यात, तिथं लोक लाखो रुपये घालून जमिनीतलं मीठ बाहेर काढायला धडपडतायत आणि आपण बाटलीनं ओतायचं?

इतकं करूनही एखादं ओळखूच आलं नाही तर एक झाड कुंडीत लावून तुरा येऊ दे, मग मूळ, पान, तुरा सगळं पेपरात दाबून वाळव, कुठं आणि कधी काढलं ते चिठ्ठीवर लिही आणि बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर जवळच्या कॉलेजच्या बॉटनी विभागात घेऊन जा. ताजं झाड पिशवीत कोंबून नेलंस तर पोचेपर्यंत त्याची भाजी झालेली असते.

आणि तुझ्या गवती चहाच्या फोटोत बुंध्यातनं जे चार-पाच जास्त गडद शेंडे वर आलेत ते गवती चहाचे नाहीत. पान चुरगळून बघ, लिंबाचा वास आला नाही की लव्हाळाच, तो त्या गड्ड्याच्या आत शिरलाय आणि आता बाहेरनं कितीही भांगललंस तरी निघणार नाही. अख्खा गड्डा खणून काढ, पाण्यात सगळी माती धुऊन टाक, हातानं फुटवे सुटे कर, गाठी आणि काळ्या तारा वेचून काढ, आणि दोन-तीन फुटव्यांची एकेक जुडी पानं निम्म्यावर छाटून दुसऱ्या स्वच्छ जागी लाव. आत्ता पाऊस आहे, पंधरा दिवसांत जीव धरेल, आणि एकाचे चार गड्डे होतील ते वेगळंच.